वध, करार आणि प्रणय : व्हॅम्पायर-वृकमानव कादंबरीमाला व गोदाकाठची पिशाचकल्पना

सारांश

रक्त पिणारा व्हॅम्पायर आणि लांडग्याचे रूप घेणारा वृकमानव यांच्या प्रेमकथा सांगणाऱ्या इंग्रजी कादंबरीमालांनी १९९० नंतरच्या काळात एका स्वतंत्र साहित्यप्रकाराचे रूप घेतले. भयकथेत ज्याचा वध करावयाचा असतो, त्याच्याशी या प्रकारात संसार मांडला जातो. प्रस्तुत लेखात लॉरेल के. हॅमिल्टन यांची अनिता ब्लेक ही दीर्घ मालिका नमुना म्हणून घेतली असून तिची तुलना अहिल्यानगर जिल्हा व त्यालगतच्या गोदाकाठी रुजलेल्या वेताळकथा, नाथकथा आणि पिशाचविषयक लोकसमजुती यांच्याशी केली आहे. नारायण धारप यांची मराठी भयकथा आणि अलीकडील चित्रपट यांचाही विचार केला आहे. वध आणि प्रणय या दोन टोकांमध्ये ‘करार’ हे तिसरे नाते या प्रदेशाच्या परंपरेत आढळते; मात्र ते पुरुष-पिशाचालाच मिळते, स्त्री-पिशाचाला नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

बीजसंज्ञा : अतिमानुष प्रणयकादंबरी, व्हॅम्पायर, वृकमानव, वेताळ, अळवंतीण, भयकथा, वाघबारस.

प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थी अभ्यासक्रमाबाहेर जे वाचतात, त्याची दखल अध्यापनात क्वचितच घेतली जाते. स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालेतील चार प्रमुख कादंबऱ्या २००५ ते २००८ या काळात प्रसिद्ध झाल्या आणि चित्रपटांच्या आधाराने त्या भारतातील तरुण वाचकांपर्यंतही पोचल्या. त्यांच्या मागे आणि पुढे अशा कादंबऱ्यांची मोठी रांग आहे. ‘हलके वाङ्मय’ म्हणून त्यांची बोळवण करणे सोपे आहे. परंतु लोकप्रिय वाङ्मयातून समाजाची भीती आणि इच्छा या दोन्ही गोष्टी व्यक्त होत असतात. समाज कोणाला भितो आणि ज्याला भितो त्याच्याशी कसा वागतो, हा केवळ वाङ्मयीन प्रश्न नाही. सबब या साहित्यप्रकाराची घडण समजून घेणे आणि आपल्या परिसरातील भयकल्पना त्याच्याशेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. जिल्ह्याच्या ईशान्य सीमेवर गोदावरी आहे. पलीकडे पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान आहे. पूर्वेला पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथांचे समाधिस्थान आहे, तर पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत वाघाला देव मानणारी आदिवासी वस्ती आहे. पिशाच, सिद्ध आणि श्वापद या तिन्हींविषयीच्या कल्पना येथे एकाच जिल्ह्यात भेटतात.

साहित्यप्रकाराचे स्वरूप

व्हॅम्पायर हा मूळचा पूर्व युरोपीय लोकसमजुतीतील प्राणी होय. थडग्यातून उठून जिवंतांचे रक्त पिणारे हे प्रेत जॉन पॉलिडोरी यांच्या १८१९ मधील कथेने दिवाणखान्यात आणले आणि त्याला उमराव बनवले. शेरिडन ल फानू यांच्या ‘कार्मिला’ (१८७२) मध्ये व्हॅम्पायर ही तरुणी आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीने या कल्पनेला कायमचे रूप दिले. या सर्व कथांचा शेवट व्हॅम्पायरच्या नाशात किंवा त्याच्यामुळे ओढवलेल्या विनाशात होतो. १९७६ मध्ये अ‍ॅन राइस यांच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ने व्हॅम्पायरला स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगू दिली. राक्षस बोलू लागला की त्याला मारणे अवघड होते. पुढील प्रणयकादंबरीची वाट येथूनच मोकळी झाली.

अतिमानुष प्रणयकादंबरीत दोन साहित्यप्रकारांचे नियम एकत्र येतात. प्रणयकादंबरीचा नियम असा की, अडथळे पार करून युगुलाचे मीलन झालेच पाहिजे. भयकथेचा नियम असा की, धोका खरा असलाच पाहिजे. या दोहोंच्या संयोगातून जो नायक निर्माण होतो, तोच अडथळा असतो आणि तोच धोकाही असतो. नायिकेचा जीव घेण्याचे सामर्थ्य असूनही तो घेत नाही, हा त्याच्या प्रेमाचा पुरावा ठरतो. संयम हेच येथे प्रेमाचे माप होय.

व्हॅम्पायर आणि वृकमानव यांची जोडी या प्रकारात वारंवार का दिसते, हेही पाहण्याजोगे आहे. व्हॅम्पायर शतकानुशतके जगलेला, श्रीमंत, एकाकी, शीत देहाचा आणि नागर असतो. वृकमानव उष्ण रक्ताचा, टोळीत राहणारा, नातेसंबंधांनी बांधलेला आणि अरण्याशी जोडलेला असतो. नायिकेपुढील निवड वरवर दोन पुरुषांमधील दिसते. प्रत्यक्षात ती दोन प्रकारच्या संसारांमधील असते. एकीकडे ऐश्वर्य व एकांत, दुसरीकडे गोतावळा व त्याची शिस्त. हा पेच भारतीय वाचकांना परका वाटत नाही, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण मानता येईल.

मालिकांची रचना स्थूलमानाने दोन प्रकारची असते. काही मालिकांमध्ये प्रत्येक पुस्तकात नवे युगुल येते व पार्श्वभूमी तीच राहते, जे. आर. वॉर्ड यांची २००५ पासूनची ‘ब्लॅक डॅगर ब्रदरहूड’ ही माला अशी आहे. दुसऱ्या प्रकारात एकच नायिका पुस्तकामागून पुस्तकात वाढत जाते. शार्लेन हॅरिस यांची २००१ ते २०१३ मधील तेरा कादंबऱ्यांची माला आणि अनिता ब्लेकची माला या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

शिकारी नायिकेचे परिवर्तन

लॉरेल के. हॅमिल्टन यांची अनिता ब्लेक मालिका १९९३ मध्ये ‘गिल्टी प्लेझर्स’ या कादंबरीने सुरू झाली आणि गेल्या तीन दशकांत तिच्यात तीसच्या आसपास कादंबऱ्या आल्या. कथा अमेरिकेतील सेंट लुइस शहरात घडते. या कल्पित अमेरिकेत न्यायालयाच्या निर्णयामुळे व्हॅम्पायरांना कायदेशीर अस्तित्व मिळाले आहे. त्यांची उपाहारगृहे, रंजनगृहे, इतकेच नव्हे तर प्रार्थनामंदिरही आहे. अनिता दोन कामे करते : मृतांना तात्पुरते उठवून वारसाहक्क व तत्सम वादांचा उलगडा करणे, आणि गुन्हेगार व्हॅम्पायरांना कायद्याने दिलेली मृत्युदंडाची शिक्षा अमलात आणणे. म्हणजे ती प्रारंभी अधिकृत वधकर्ती आहे.

पुढे तिच्या आयुष्यात शहराच्या व्हॅम्पायरांचा प्रमुख होणारा ज्याँ-क्लोद येतो आणि रिचर्ड झीमन हा वृकमानव येतो. रिचर्ड हा शाळेत विज्ञान शिकवणारा शिक्षक आहे. आपले वृकरूप उघड झाले तर नोकरी जाईल, या भयाने तो ते लपवून ठेवतो. अध्यापकवर्गाला ही कल्पना मार्मिक वाटावी. समाजाला ज्याची भीती वाटते तो प्राणी रोज सकाळी वर्गात उभा राहून मुलांना शिकवत असतो आणि त्याची सारी भीती आपल्याच संस्थेविषयीची असते.

‘द किलिंग डान्स’ (१९९७) मध्ये अनिता, ज्याँ-क्लोद आणि रिचर्ड यांच्यात सामर्थ्याचे त्रिकूट बांधले जाते. नंतरच्या कादंबऱ्यांत निराधार झालेल्या बिबट्या-मानवांच्या टोळीचे पालकत्वही अनिताकडे येते. अशा रीतीने शिक्षा करणारी स्त्री हळूहळू त्याच समाजाची रक्षणकर्ती व सहचारिणी बनते. मालिकेच्या उत्तरार्धात शृंगाराने कथानक झाकोळले, अशी तक्रार तिच्या चाहत्यांनीच केली. ती बऱ्याच अंशी रास्त आहे. तथापि मालिकेच्या मूळ गतीचा अर्थ त्यामुळे बदलत नाही. वधाच्या अधिकारापासून सहवासाच्या जबाबदारीपर्यंत जाणे, ही ती गती होय.

गोदाकाठचा वेताळ

व्हॅम्पायर आणि महाराष्ट्राचा प्रदेश यांचा संबंध अनपेक्षित वाटेने येतो. रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवासी पंडिताने वेताळपंचविशीतील निवडक कथांचे स्वैर रूपांतर १८७० मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने शीर्षकातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले. ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध होण्यास तेव्हा सत्तावीस वर्षे अवकाश होता. वास्तविक वेताळ रक्त पीत हिंडत नाही. तो प्रेतात शिरून राहतो आणि त्याचे मुख्य शस्त्र प्रश्न हे आहे.

या कथांचे प्रसिद्ध संस्कृत रूप अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मिळते. सोमदेव आपल्या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त असल्याचे सांगतो. गुणाढ्याला परंपरा प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या दरबारात ठेवते. वेताळकथा मूळ बृहत्कथेत होत्याच, असे मानता येत नाही. मात्र गुणाढ्याची दंतकथा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध राखते. पणात हरल्यामुळे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषांचा त्याग केला. अरण्यात काणभूती नामक पिशाचाकडून त्याने पैशाची भाषेत कथा ऐकली आणि शाई नसल्याने ती स्वतःच्या रक्ताने लिहिली. पिशाचांची भाषा आणि रक्ताचे लेखन म्हणून राजाने ग्रंथ नाकारला. तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला आणि श्वापदे चरणे विसरून अश्रू ढाळीत ऐकत राहिली. सात लक्ष श्लोकांपैकी एक लक्षच उरले, असे दंतकथा सांगते. नागर समाज ज्याला अपवित्र मानतो, त्याच्याकडेच कथा असते. ही जाण गोदेच्या या काठावर फार जुनी आहे.

वेताळकथेची चौकट आता पाहू. राजा एका कपटी साधूसाठी झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. प्रेतातील वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी न्यायाचा प्रश्न विचारतो. राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर जातो. अखेरच्या कथेच्या प्रश्नाला राजाकडे उत्तर नसते, तेव्हा प्रसन्न झालेला वेताळ साधूचा घात करण्याचा बेत त्याला सांगतो आणि राजाचा जीव वाचवतो. येथे वधही नाही, प्रणयही नाही. भय वाटणाऱ्याचे ओझे खांद्यावर घेऊन त्याचे ऐकत राहण्याचे हे नाते आहे. रात्रभराच्या संवादातून एक करार सिद्ध होतो आणि खरा घातकी पवित्र वेशातील माणूस निघतो.

धुंडिसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ (१८१९) या ग्रंथातही वेताळ येतो. मच्छिंद्रनाथ भैरव, वेताळ आणि भूतगण यांच्याशी झुंजतात. पराभूत वेताळ त्यांच्या मंत्राला साहाय्य करण्याचे मान्य करतो. पुन्हा करारच, परंतु या वेळी बळाने झालेला. याच ग्रंथात मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात राणीबरोबर संसारात रमतात आणि गोरक्षनाथ त्यांना तेथून सोडवून आणतात. अद्भुताशी करार करणे ही सिद्धी ठरते. अद्भुत प्रदेशातील स्त्रीशी संसार करणे हे पतन ठरते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

अतृप्तीचे वर्गीकरण

नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी पश्चिम भारतातील लोकसमजुतींविषयी प्रश्नावली तयार करून माहिती जमवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांनी त्यांचा वध केला. त्यानंतर आर. ई. एन्थोवेन यांनी ती सामग्री संकलित केली; कोकणविषयक भाग १९१५ मध्ये निघाला. त्यातील बरीच माहिती गावोगावच्या शाळाशिक्षकांनी लिहून पाठवलेली आहे. मराठी पिशाचसृष्टीच्या नोंदीला ग्रामीण शिक्षकांचा हातभार लागला आहे, हे नमूद करण्यासारखे आहे.

या आणि इतर नोंदींवरून एक गोष्ट स्पष्ट होते. व्हॅम्पायर संसर्गाने होतो; मराठी भूत अतृप्तीने होते. मुंज झाली पण लग्न झाले नाही असा मुलगा मेला की त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो. धनाची किंवा वारसाची वासना राहिलेल्याचा समंध होतो. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची अळवंतीण किंवा हडळ होते. म्हणजे आयुष्याचा कोणता टप्पा अपुरा राहिला, त्यावरून भुताची जात ठरते. भुतांची यादी ही एका अर्थाने समाजातील अपुऱ्या आयुष्यांची यादीच होय.

या भुतांशी करावयाच्या वर्तनात मात्र समानता नाही. मुंजाला पार बांधून मिळतो, वेताळाला शेंदूर आणि नारळ मिळतो, गावाच्या सीमेवरील दैवतांत त्याला स्थान मिळते. भुताची शेंडी हाती लागली की ते चाकरासारखे राबते, अशीही समजूत आहे. अळवंतिणीच्या वाट्याला यातील काही येत नाही. तिने घरी परतू नये म्हणून स्मशानाच्या वाटेवर राळे किंवा मोहरी टाकतात, खिळे ठोकतात. युरोपातही व्हॅम्पायरने दाणे मोजत बसावे म्हणून त्याच्या वाटेवर बारीक बी टाकण्याची प्रथा होती. हे साम्य लक्षणीय आहे. परंतु अळवंतीण कोण आहे? ती वैद्यकीय मदतीविना प्रसूतीत गेलेली घरचीच सून आहे. तिला आपल्या मुलाकडे परतावयाचे आहे. तिची वासना म्हणजे मायाच होय, आणि तिलाच गावाने सर्वांत भयंकर ठरवले.

मराठी भयकथा : रक्षणकर्त्याची मालिका

आधुनिक मराठीत भयकथेचा स्वतंत्र प्रवाह घडवण्याचे श्रेय मुख्यतः नारायण धारप (१९२५-२००८) यांना जाते. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांची गूढकथा मनाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांकडे वळते. धारपांची कथा बाह्य, अमानवी अशा दुष्ट शक्तीला थेट भिडते. जिल्ह्याजिल्ह्यांतील वाचनालयांच्या कपाटांतून त्यांचा वाचकवर्ग तयार झाला. अहमदनगर जिल्हा वाचनालयासारखी १८३८ पासूनची संस्था ज्या जिल्ह्यात आहे, तेथे ग्रंथालयाद्वारे पोचणाऱ्या लोकप्रिय वाङ्मयाचे मोल वेगळे सांगावयास नको.

धारपांच्या ‘लुचाई’ या कादंबरीचे स्टीफन किंग यांच्या १९७५ मधील ‘सेलम्स लॉट’शी असलेले नाते वाचकांच्या परिचयाचे आहे. किंग यांच्या कादंबरीत एक व्हॅम्पायर छोट्या गावात येतो आणि शेजारी शेजाऱ्याला, मूल आईला बाधित करत गाव आतून पोखरले जाते. म्हणजे मराठीत व्हॅम्पायरकल्पना ठसठशीतपणे आली ती अनिता ब्लेकच्या वाटेने नव्हे, तर ड्रॅक्युलाच्या वाटेने आली.

धारपांनीही दीर्घ मालिका लिहिली, ती ‘समर्थ’ यांची. समर्थ हे आत्मिक सामर्थ्याने दुष्ट शक्तींचा मुकाबला करणारे आणि संकटातील सामान्य माणसांना सोडवणारे पुरुष आहेत. दोन मालिकांची तुलना केली असता फरक चटकन ध्यानात येतो. अनिता ज्या शक्तींशी लढते त्यांच्याशी गुंतत जाते, स्वतः बदलते आणि तिच्या शुद्धतेविषयीची शंका वाढत जाते. समर्थ अविचल राहतात. दुष्ट शक्ती सीमेबाहेर घालवली जाते आणि घर पूर्ववत होते. मराठी मध्यमवर्गीय घर हेच या मालिकेचे खरे रक्षणीय स्थान आहे. वेताळाचे ऐकून घेणारा राजा येथे नाही. वेताळाला जिंकणाऱ्या नाथांचा वारसा येथे आहे. धारपांची वातावरणनिर्मिती अव्वल दर्जाची आहे, यात शंका नाही. प्रश्न इतकाच की, या रचनेत ‘बाहेरच्या’चे म्हणणे ऐकण्यास जागा उरत नाही.

वृकमानव नसलेला प्रदेश

वृकमानवाचे काय? दख्खनच्या कोरड्या माळरानावर लांडगा आजही आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य काळविटांसाठी राखले असले तरी त्या पट्ट्यातील मेंढपाळांना लांडगा ठाऊक आहे. तरीही पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस मराठी लोककल्पनेत ठळकपणे आढळत नाही. मेंढरू पळवणारा लांडगा हा व्यवहारातील शत्रू राहिला; त्याचा सैतान झाला नाही.

वाघाच्या बाबतीत तर या प्रदेशाने निराळीच वाट घेतली. दिवाळीच्या प्रारंभी अश्विन वद्य द्वादशीला अन्यत्र वसुबारस साजरी होते. अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात त्या दिवशी वाघबारस असते. गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवून गुरांचे रक्षण मागतात. वाघ मारला जात नाही, माणसात रूपांतरित होत नाही, प्रियकरही होत नाही. तो सीमेपलीकडचा शेजारी राहतो आणि सीमेचा मान दोघांनी राखावयाचा असतो. वेताळकथेतील करार येथे वार्षिक विधीच्या रूपात दिसतो.

हे केवळ भाबडे कवित्व नाही. अकोल्याच्या परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाट मानवी वस्तीच्या शेतीप्रदेशात बिबटे कायम वास्तव्य करून असल्याचे दिसून आले. लगतच्या जुन्नर परिसरात २००१ नंतर बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचा उपक्रम झाला, तेव्हा माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी चारवरून सतरावर गेली, असे त्याच गटातील अभ्यासकांनी दाखवले. याचा अर्थ आजचे भय खोटे आहे असा नव्हे. अलीकडच्या वर्षांत उसाच्या पट्ट्यात बालके व वृद्ध मृत्युमुखी पडले आहेत आणि त्यांच्या कुटुंबीयांना वाघबारसेचे दाखले देणे क्रूरपणाचे ठरेल. करार मोडतो तेव्हा तो पुन्हा कसा घालावा, हा प्रश्न मात्र उरतोच.

याउलट ‘ट्वायलाइट’ मालेत वॉशिंग्टन राज्यातील क्विल्यूट या प्रत्यक्षातील आदिवासी जमातीचे तरुण लांडग्याचे रूप घेतात. आदिवासी म्हणजे अर्धपशू, ही जुनी वसाहतवादी कल्पना प्रेमकथेच्या वेष्टनात पुन्हा आली, अशी टीका त्यावर झाली आहे. आदिवासींना श्वापद ठरवणे आणि आदिवासींनी श्वापदाशी नाते राखणे या दोन गोष्टींत मूलभूत अंतर आहे. वर्गात हे अंतर समजावून सांगण्यास अकोल्याचे उदाहरण हाताशी आहे.

पडद्यावरचा बेताळ

भय आणि प्रेम यांचा संयोग भारतीय कथेला अपरिचित नाही. विजयदान देथा यांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेत परगावी गेलेल्या पतीचे रूप घेऊन भूत नववधूकडे येते, पण आपण कोण हे तिला सांगून निवड तिच्यावर सोपवते. मणी कौल यांनी १९७३ मध्ये आणि अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये ‘पहेली’ या नावाने त्यावर चित्रपट केला. खऱ्या पतीने जे विचारले नाही ते भुताने विचारले, हे या कथेचे मर्म आहे.

मराठी चित्रपटांतून पुढे आलेले दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी ‘मुंज्या’ (२०२४) या हिंदी चित्रपटात कोकणातील मुंजाची अपुरी लग्नवासना कथेच्या केंद्रस्थानी आणली. त्यांच्याच ‘थामा’ (२०२५) मध्ये एक पत्रकार आणि बेताळ जमातीतील तरुणी यांची प्रेमकथा आहे. याच चित्रपटमालेतील ‘भेडिया’ (२०२२) हा वृकमानवपट होता. त्याचा नायक ‘थामा’तील बेताळाशी झुंजतो. बर्टनने १८७० मध्ये वेताळाला इंग्रजीत व्हॅम्पायर म्हणून पाठवले. दीडशे वर्षांनी व्हॅम्पायरच बेताळाचे नाव घेऊन परत आला. या प्रवासात त्याला प्रेम मिळाले, परंतु त्याचा प्रश्न विचारण्याचा अधिकार मागे पडला, ही हानी नोंदवली पाहिजे.

सामाजिक संदर्भ

कथेतील पिशाचाला समजून घेणे म्हणजे भुताखेतांवर विश्वास ठेवणे नव्हे. ‘महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा’ यांना प्रतिबंध करणारा अधिनियम २०१३ मध्ये अस्तित्वात आला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली होती. भूत उतरवण्याच्या बहाण्याने व्यक्तीला बांधणे, मारहाण करणे, करणी करते असे सांगून एखाद्याचे जगणे मुश्कील करणे, हे या कायद्याने गुन्हे ठरले. अशा प्रकारांत विधवा, निपुत्रिक वा एकट्या स्त्रिया सहज लक्ष्य होतात. अळवंतिणीच्या वाटेवर ठोकलेला खिळा आणि जिवंत स्त्रीवर ठेवलेला आळ यांच्या मुळाशी एकच वृत्ती आहे : तिचे म्हणणे ऐकावयाचे नाही.

या पार्श्वभूमीवर प्रणयकादंबरीचे मोल आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. ज्याला सर्व भितात त्याचे अंतरंग ती उघडते, हे तिचे मोल. परंतु ते अंतरंग बहुधा देखण्या, सामर्थ्यवान पुरुषाचे असते. पाळत, मत्सर आणि हुकमत यांनाही ती प्रेमाचे नाव देते, ही तिची मर्यादा. संयम हेच प्रेमाचे माप असेल, तर धोकादायक पुरुष सहन करणे हे स्त्रीचे कर्तव्य ठरण्याची भीती राहते. विद्यार्थिनींशी या कादंबऱ्यांविषयी बोलताना हा मुद्दा टाळता येणार नाही.

निष्कर्ष

१. अतिमानुष प्रणयकादंबरी भयकथेतील वधाच्या जागी सहवास आणते. अनिता ब्लेक मालिकेतील नायिकेचे वधकर्तीपासून रक्षणकर्तीपर्यंतचे परिवर्तन हे त्याचे स्पष्ट उदाहरण होय.

२. गोदाकाठच्या वेताळकथेत आणि अकोल्याच्या वाघबारसेत भयावह अन्याशी करार करण्याचे तिसरे नाते आढळते. ऐकणे आणि सीमेचा मान राखणे हे त्याचे दोन आधार आहेत.

३. धारपांच्या ‘समर्थ’ मालिकेने मराठी भयकथेला लोकप्रियता दिली. तिच्यात मात्र निर्मूलनाचे नाते प्रधान राहिले.

४. मराठी पिशाचकल्पना अतृप्तीवर उभी असल्याने तिच्यात प्रेमकथेला लागणारे द्रव्य विपुल आहे. ‘मुंज्या’ व ‘थामा’ या चित्रपटांनी त्याचा काही भाग वापरला आहे.

५. करार आणि प्रणय ही दोन्ही नाती बहुतांशी पुरुष-पिशाचाला लाभली. अळवंतिणीला पार मिळाला नाही, नैवेद्य मिळाला नाही, नायकही मिळाला नाही. तिच्या बाजूने लिहिलेली समर्थ मराठी कादंबरी ही या साहित्यप्रकारातील खरी भर ठरेल.

६. भाषा व वाङ्मय विभागांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील अशा समजुतींची नोंद करून घेतल्यास शतकापूर्वी शाळाशिक्षकांनी केलेले काम चिकित्सक दृष्टीने पुढे जाईल. नोंद घेताना केवळ ‘भूत कोठे राहते’ एवढेच न विचारता ‘ती बाई कशाने मेली होती’ हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात गावाच्या आरोग्याचा, सासुरवासाचा आणि विस्मृतीचा इतिहास हाती लागण्याची शक्यता आहे.